बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

मी एक जंतू. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मला कमी समजू नका. सूड कसा उगवायचा, ते माझ्याकडून शिका.

एका शिंप्याने हात न धुता डबा खाल्ला आणि त्या घासाबरोबर मी त्याच्या पोटात गेलो. आतड्यात पोचलो तर पहिल्याच दिवशी अपमान. आतड्याच्या अस्तरावर एक चिकट थर असतो. त्यात असा रुतलो की पुढे सरकता येईना. शिवाय तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भले जंतू. त्यांनी मला ना खायला कण ठेवला, ना टेकायला जागा. "आलास तसा चालता हो," म्हणाले. मी अंगावर कवच ओढून कोपऱ्यात पडून राहिलो. मनात म्हटलं, थांबा लेको, माझेही दिवस येतील.

ते शिंप्यानेच आणले. त्याची दाढ ठणकायला लागली. दुकानातल्या बटणांच्या डब्यात जुन्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या होत्या.

बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना विचारा तरी."

"त्यात विचारायचंय काय? गोळी ती गोळी," म्हणत तो मनाला येईल तेव्हा गिळत राहिला.

त्या गोळ्यांनी भले जंतू पटापट मेले. कवचात माझ्या केसालाही धक्का लागला नाही. राखणदार गेले, तसा तो चिकट थरही विरळ झाला. मग मी बाहेर आलो, एकाचे हजार झालो आणि अस्तरावर विष ओतलं. ज्या अस्तराने मला अडवलं होतं, त्याची शिवण न शिवण उसवली. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शिंपी आडवा झाला. जुलाब, ताप, रक्त. दवाखान्यात बायको डॉक्टरीणबाईंना सारखी विचारायची, "वाचतील ना हो?" बाईंनी नेमकं माझ्यावरचं औषध दिलं. माझं गणगोत धारातीर्थी पडलं. ते उसवलेलं अस्तर पुन्हा नवं होऊ लागलं. उरलेले आम्ही मुकाट कवचात शिरलो.

घरी पाठवताना बाईंनी शिंप्याला बजावलं, "अजून दहा दिवस गोळ्या घ्यायच्या. एकही चुकवायची नाही. दुखणं उलटलं तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

काल सहावा दिवस. बायको बाजारात गेली होती. मशीनवर बसल्याबसल्या शिंप्याने पोटावरून हात फिरवला. "आता ठणठणीत आहे की," असं स्वतःशीच म्हणत त्याने उरलेल्या गोळ्या बटणांच्या डब्यात टाकल्या. म्हणे, लागतील कधीतरी.

अस्तर अजून कोवळं आहे. भले जंतू अजून परतलेले नाहीत. शिंपीदादा, झाकण तेवढं घट्ट लावा. मी जागाच आहे.