डॉक्टरपेटीची दहा मिनिटं

बिश्केकच्या त्या सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर बुटांच्या खोक्याएवढी पांढरी पेटी आणि शेजारी तिचे जनक, तिलेबाल्दी साहेब. एका म्हातारीने पेटीला गुडघ्याचं दुखणं सांगितलं. पेटी अस्सल किर्गिझमध्ये म्हणाली, "आजी, जिना उतरताना जास्त कळ येते ना?" म्हातारी रडायचीच बाकी राहिली.

"माणसाचा हात लागलेला नाही!" तिलेबाल्दी गरजले. "नऊ कोटी वाक्यं पचवलेला मेंदू आहे हा. झोप नाही, भूक नाही, पगार नाही!"

संपादक शार्शेनबेक मुखपृष्ठ ठरवूनच परतले. त्यांच्या तंत्रज्ञान साप्ताहिकात बुरुलचाच्या सहीशिवाय ओळ छापली जात नसे. छापण्याआधी प्रत्येक विधान तपासणं हेच तिचं काम.

"बाइके," थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणत तिने विचारलं, "पेटीमागे माणूस नाही हे कोणी पाहिलं?"

"अख्ख्या सभागृहाने!"

"सभागृहाने पेटी पाहिली."

"तू ना, लग्नात नवरीचे दात मोजशील. कर सही!"

तिचा हात अडला. हा लेख आला की डोंगरातले नर्सचे दवाखाने बंद करून तिथे पेट्या बसवू, असं आरोग्य खात्यातल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं. त्यातल्याच एका गावात तिची हृदयरोगी आई राहत होती. बुरुलचाला भीती वाटली आणि रागही आला.

आठवडाभर ती पेटीच्या चाचणीसाठी दिलेल्या नंबरवर फोन करत राहिली. पेटी दिवसरात्र बोलायची, फक्त संध्याकाळी दहा मिनिटं मुकी व्हायची. "मेंदू तापतो," तिलेबाल्दींनी समजावलं. तिने त्या वेळा एका रकान्यात लिहून काढल्या. सहा एकतीस, सहा बत्तीस, सहा तेहतीस... हा तापसुद्धा रोज मिनिटभर उशिरा चढत होता! मग कॅन्टीनच्या भिंतीवर तिला नेमका तोच रकाना दिसला. रमजानचं वेळापत्रक होतं ते, रोजा सोडायच्या वेळांचं.

दुसऱ्या दिवशी सहा अडतीसला ती संपादकांना ओढतच कंपनीच्या कचेरीत घेऊन गेली. मागच्या खोलीत नऊ कोटी वाक्यांचा मेंदू मांडी घालून खजूर खात बसला होता. वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाची अकरा मुलं, गळ्यात हेडफोन.

"या एजे, बसा, चहा घ्या," ताईला म्हणतात तसं म्हणत एक मुलगी सरकून बसली.

तिलेबाल्दी धावत आले. "हे... हे मेंदूचे प्रशिक्षक आहेत!"

"उपाशी ठेवलेले?" शार्शेनबेकांनी विचारलं.

बुरुलचा मुलीशेजारी टेकली. "परवा मी पेटीला विचारलं होतं, छातीत कळ येतेय, डावा हात बधिर झालाय. उत्तर आलं, पित्त असेल, गरम पाणी प्या."

मुलीने चहाची वाटी खाली ठेवली. "ती मीच होते, एजे. हृदय आम्हाला अजून शिकवलेलं नाही."

लेख छापून आला, पण पेटी मुकी होण्याच्या आणि रोजा सोडायच्या वेळांचे दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून. आरोग्य खात्याने दवाखाने बंद करायचा बेत मुकाट्याने मागे घेतला. लेखाखाली बुरुलचाने एवढंच लिहिलं: "नवल वाटलं तर खुशाल वाटू द्या. पण आपली आई त्याच्या हवाली करण्याआधी मागची खोली उघडून बघा."