मखमलची हातोडी

ताईच्या दुकानात आजवर तक्रारी आल्या त्या चाव्यांच्या. ही घट्ट बसते, ती सैल बसते, तिसरी बसते पण फिरायचं नाव घेत नाही. कानस हातात घेऊन ताई जागच्या जागी त्यांचा निकाल लावायची. पण मखमल घरोघरी जाऊन कुलपं उघडायला लागल्यापासून लोक भलतीच तक्रार घेऊन येऊ लागले. "कुलूप उघडायला पाठवलं होतं की भिंत पाडायला?" एका गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडली होती, आणि शेजाऱ्यांनी त्याचा सगळा राग यांच्यावर काढला होता.

मखमल म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. वडील याच दुकानातले कुलूपवाले, आणि त्यांनी दोन्ही पोरांना डोळे मिटून कुलूप उघडायला शिकवलं होतं. ताई चांगली तयार झाली, पण धाकट्याचा हात काही औरच होता. तार आत गेली कधी आणि कुलूप सुटलं कधी, मांडीला मांडी लावून बसलेल्यालासुद्धा कळायचं नाही. "हात आहे की मखमल!" वडील म्हणाले, आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. पुढे वडील गेले, आणि त्याच मखमली हातांनी पोरगा लोकांची घरं धुऊन न्यायला लागला. पकडला गेला, शिक्षा झाली, भोगून बाहेर आला.

कोर्टात त्यानं सांगितलं होतं, "साहेब, मी नाही जात. हात आपोआप जातो." ताई तेव्हा मागच्या बाकावर बसली होती. तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तिथेच उठून दोन लगावाव्यात असं तिला वाटलं. हात जातो म्हणे! हात काय एकटाच जिना चढून गेला होता? पाय कोणाचे होते?

आईचं मात्र वेगळंच. "त्याचा मामा असाच होता गं," ती म्हणायची. "रक्तात आलंय, पोर काय करणार?" आई असं म्हणाली की ताई कानस जरा जास्तच जोरात चालवायची. तिचं म्हणणं साधं होतं. मामा तिचाही मामाच होता की. तेच रक्त, तेच वडील, तीच बोटं, आणि तिनं आयुष्यात कधी कोणाची सुईसुद्धा उचलली नव्हती. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

तरी आईच्या डोळ्यांतलं पाणी बघवेना, म्हणून तिनं मखमलला दुकानात घेतलं. सुरुवातीला चाव्या कापायला बसवलं. मग तिचा गुडघा जिने मानेनासा झाला आणि घरोघरी जायचं काम नाइलाजानं त्याच्याकडे गेलं. वडिलांचा नियम तिनं त्याच्याकडून पुन्हा घोकून घेतला: मालक समोर असल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, आणि कुलूप सुटलं की मागे सरायचं, दार मालकानंच ढकलायचं. शिवाय तो परत आला की ती गिऱ्हाइकाला फोन करायची. "लॅच नीट लागतं ना?" असं गोड आवाजात विचारायची, आणि कान टवकारून ऐकायची की काही गेल्याचं कोणी बोलतंय का. जात काहीच नव्हतं. नुसती झोप जात होती लोकांची.

हेच तिला खटकायला लागलं. ज्याच्या हातात कुलूप लोण्यासारखं सुटायचं, तो आता हातोडीनं ठोकाठोक करतो? पेटी जिन्यावरून खडखडत ओढत नेतो? बेसूर गातो? एका रात्री तिच्या मनात विचार आला आणि ती अंथरुणात उठून बसली. ठोकून ठोकून ढिलं केलेलं कुलूप पुन्हा येऊन उघडायला सोपं. हा आत्ता काही नेत नाही, कारण नंतर यायचं आहे. अडाणीपणाचं सोंग घेऊन सगळ्या गावाची दारं हा पोकळ करून ठेवतोय.

एकदा हे डोक्यात शिरल्यावर तिला दुसरं काही सुचेना. तिनं ठरवून टाकलं: एक पुरावा मिळू दे, त्याच दिवशी याला दुकानातून काढायचा. आईला काय वाटायचं ते वाटो. दुसरं कोणी त्याला दारात उभं करणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच पुराव्याशिवाय तिचा जीव धजत नव्हता.

पुरावा मिळायची संधी आयतीच चालून आली. दाताच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या परगावी होत्या, घराला कुलूप, नळ उघडा राहिलेला, आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या छतातून पाणी गळत होतं. "दार उघडून तेवढा नळ बंद करा हो, मी यायला संध्याकाळ होईल," बाई कळवळून म्हणाल्या. वडिलांचा नियम मोडत होता, पण पाणी काही नियम बघून थांबत नाही. ताईनं मखमलला हाक मारली.

"मालक नाहीत?" त्यानं विचारलं.

"नाहीत."

"म्हणजे आत मीच जायचं?"

"मग काय मी नाचत जाऊ? गुडघा बघ माझा."

मखमल तिच्याकडे बघत राहिला. "ताई, तू पण चल ना. सावकाश जाऊ."

"दुखतोय म्हटलं ना!"

तो घटाघटा पाणी प्यायला. मग त्यानं नेहमीची हातोडी फळीवर ठेवली, वडिलांची मोठी हातोडी काढली, आणि गेला. ताईनं दुकानाला कुलूप लावलं. घरच्या चोरावर नजर ठेवायला ती चोरपावलांनी निघाली.

इमारतीत शिरली तोवर वरून दणादण आवाज येत होता. त्यात गाणं. सूर असा, की शत्रूवरही अशी पाळी येऊ नये. ताई कठड्याला धरून एकेक पायरी चढत वळणावर आली आणि तिथेच भिंतीआड थांबली. इथून दार सरळ दिसत होतं.

मखमल हातोडी हाणत होता, पण दारावर नाही. स्वतःच्या पत्र्याच्या पेटीवर. दाराला ओरखडासुद्धा नव्हता. मग त्यानं हातोडी खाली ठेवली, खिशातून तार काढली आणि कुलुपाशी वाकला. ताईनं श्वास घेतला तो सोडेपर्यंत कुलूप सुटलेलं होतं. काही म्हणता काही आवाज नाही. वडील असते तर त्यांना रडू आलं असतं, आणि ताईलाही मनात कबूल करावं लागलं: इतकं सुंदर काम तिला उभ्या जन्मात जमलं नसतं.

दार बोटभर उघडलं. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. ताईनं डोळे मिटून घेतले. नको जाऊस रे, ती मनात म्हणाली.

आणि पुन्हा दणदणाट सुरू झाला. मखमल पेटी बडवत ओरडत होता, "अहो, आहे का कोणी? बाहेर या! लवकर या!"

समोरचं दार उघडून एक आजी आल्या. खालून शिंपी धापा टाकत, ताईला ओलांडून वर गेला. "उघडलं का? मग जा की आत! माझं कापड भिजतंय!"

"जातो. पण तुम्ही दोघं माझ्याबरोबर या, आणि माझ्या हातांवरून नजर काढू नका."

"का हो?" आजींनी विचारलं.

"मी पूर्वी घरफोड्या करायचो."

पूर्वी मी बँकेत होतो असं एखाद्यानं सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं. शिंप्याचा आ वासला. आजी मात्र खमक्या निघाल्या. त्यांनी पदर खोचला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाल्या, "चल, बघते कसा चोरतोस ते."

मखमलनं एका हातात पेटी घेतली, दुसऱ्या हातात ती मोठी हातोडी, आणि वरातीतल्या बाशिंग बांधलेल्या नवऱ्यासारखा तो दोघांच्या पुढे आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "आजी, नळ तुम्हीच बंद करा. माझे हात अडकलेत."

ताई पायरीवर बसली. गुडघा आता खरोखर ठणकत होता.

आजींनी डॉक्टरीणबाईंचं दार ओढून घेतलं, शिंपी छत बघायला पळाला, आणि मखमल खाली उतरताना ताईसमोर येऊन थबकला. तिला बघून त्याला जराही नवल वाटलं नाही. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीला पुसला.

"मी तुला मुद्दाम पाठवलं," ताई म्हणाली.

"माहितेय."

"कसं?"

"तुझा गुडघा खरा दुखतो तेव्हा तू सकाळपासून घर डोक्यावर घेतेस. आज गप्प होतीस."

"मग आलास कशाला?"

"पाणी गळत होतं ना. आणि मालक नव्हते, म्हणून तर मोठी हातोडी घेतली."

ताईला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. "अजून ओढ वाटते?"

मखमल आपल्या हातांकडे बघत होता. ते थरथरत होते. "प्रत्येक दाराशी. आत्तासुद्धा. आरशापाशी अंगठ्या पडल्यात. आजींना दिसल्या नाहीत. मला दारातूनच दिसल्या." तो थांबला. "कोर्टात मी खोटं नव्हतो बोललो, ताई. एकटा आत पोचलो की तिथे मी नसतोच. हात खरंच जातो. पण जिन्यात मी असतो. जिन्यात मला ठरवता येतं. तर जे काय करायचं ते मी जिन्यातच करून घेतो. गाव गोळा करतो."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला कळलं नसतं. तुला कधी काही उचलावंसं वाटलंय का?"

ताईनं आठवून बघितलं. किती घरांची दारं तिनं उघडली होती. किती कपाटं. तिला कधीच काही वाटलं नव्हतं. ज्याच्या अलीकडे स्वतःला थोपवावं लागतं असा उंबरठाच तिच्या वाट्याला आला नव्हता, आणि ती मात्र आयुष्यभर स्वतःला थोपवल्याच्या तोऱ्यात वावरली होती. तिचं चांगलं असणं तिला आयतं मिळालं होतं. हा वेडा मात्र दर दाराशी ते नव्यानं मिळवत होता, चारचौघांत स्वतःचं हसं करून घेऊन. तिला स्वतःची लाज वाटली आणि भावाचा अभिमान वाटला. तिनं त्याचे थरथरते हात आपल्या हातांत घेतले आणि थांबेपर्यंत धरून ठेवले.

घरी गेल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं डोळे पुसले. "बघ, मी म्हणत नव्हते? मुळात चांगलाच आहे. बापावर गेलाय."

"कोणावर गेला नाहीये, आई," ताई म्हणाली. "स्वतःच्या पायांनी चाललाय."

त्यानंतर तिनं गिऱ्हाइकांना फोन करायचं सोडलं. मोठी हातोडी फळीवरून उतरून पेटीतच राहायला लागली. तक्रारी काही थांबल्या नाहीत. परवाच एक बाई तणतणत दुकानात आल्या.

"अहो, तुमच्या भावानं आमची अख्खी गल्ली गोळा केली! एवढं साधं कुलूप, त्याला एवढा आवाज?"

ताईनं कानस खाली ठेवली. "हो," ती म्हणाली. "आवाज न करता तर तो लहानपणापासून उघडायचा. हे शिकायला फार वेळ लागला त्याला."