भिकमचंद शेठची बॅग

"ही बॅग कोणाची आहे?" मी जरा मोठ्यानेच विचारलं.

कोणाची ते मला चांगलं माहीत होतं. भिकमचंद शेठ रांगेत शिरले तेव्हाच मी ओळखलं होतं. केस पिकलेत, पाठ वाकलीय, पण कॉलरच्या बटणाशी चाळा करत समोरच्याला न्याहाळायची खोड तीच. सावद्याच्या बाजारात यांचं कापडदुकान. माझे वडील, तोताराम, त्या दुकानात नोकर म्हणून उभं आयुष्य राबले.

मी विमानतळावर सामान तपासते. बॅग यंत्रातून जाते आणि आत काय आहे ते मला पडद्यावर दिसतं. उन्हाळ्याचं नवं वेळापत्रक लागलं, हैदराबादच्या फेऱ्या वाढल्या, आणखी गावं जोडली गेली, म्हणून माणसं हवी होती. माझं काम तेव्हा लागलं. लग्नसराईत तर हॉलमध्ये उभं राहायला जागा नसते. कालपर्यंत रेल्वेने जाणारी माणसं आता विमानाने निघतात, पण बॅग रेल्वेसारखीच भरतात. लोणच्याची बरणी काय, कळण्याचं पीठ काय, भरताची वांगी काय! वांगी जाऊ देतो आम्ही. सुकं खोबरं जाऊ देत नाही, तेलकट असतं, पेट घेतं. हे आमच्याकडे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

शेठच्या बॅगेत बरोबर मधोमध एक गोल सावली होती. खोबऱ्याचा अख्खा गोटा. अशी मी खूश झाले म्हणून सांगू!

"माझी आहे बेटा," शेठ पुढे आले. "काय झालं?"

"आत सुकं खोबरं आहे. काढावं लागेल."

"अगं, तो मायऱ्याचा गोटा आहे. हैदराबादला माझ्या भाचीचं लग्न आहे. भावानं बहिणीकडे मायरा न्यायचा असतो, साड्या, चुनडी. त्यात हा लागतोच. रेल्वेत आजपर्यंत कोणी अडवलं नाही."

"हे विमान आहे, शेठ."

एरवी अशा माणसांना मी पडद्यामागच्या टेबलापाशी नेते. कोणाच्या बॅगेत काय असेल, चारचौघांत लाज कशाला? त्या दिवशी मात्र मी रांगेलगतच्या उघड्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"इथं? सगळ्यांसमोर?"

"इथंच. सगळं बाहेर काढा."

नियमात बसत होतं. आणि बसत नसतं तरी मी तेच केलं असतं.

मी चौथीत होते. आबा, म्हणजे वडील, डबा घरी विसरले म्हणून द्यायला गेले, तर दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं आणि शेठ आबांना म्हणत होते, "पिशवी उलटी कर." एक रेशमी साडी सापडत नव्हती. आबांनी पिशवी उलटी केली. तंबाखूची डबी पडली, चुरगळलेला रुमाल पडला आणि ठिगळं लावलेली बंडी पडली. गादीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साडी मग दुकानातच निघाली, दुसऱ्या गठ्ठ्यात. 'चुकलं' एवढा एक शब्द शेठच्या तोंडून फुटला नाही. आबा दुसऱ्या दिवशी कामावर गेले, घरात आमची पोटं होती ना! फक्त पिशवी त्यांनी पुन्हा कधी हातात धरली नाही. दुकानातली नोकरी सुटेपर्यंत भाकरी फडक्यात बांधून, सगळ्यांना दिसेल अशी न्यायचे.

शेठ एकेक वस्तू काढू लागले. घरचे आधीच गेले असावेत, सोबत कोणी नव्हतं. धोतर निघालं, कवळीची डबी निघाली, मूळव्याधीच्या मलमाची नळी निघाली. रांगेतली दोन पोरं फिसकन हसली. मी नळी उचलून दिव्याखाली धरली, उलटसुलट पाहिली आणि सावकाश खाली ठेवली. साड्या टेबलावरून घसरून फरशीवर पडल्या. त्या उचलायला शेठ वाकले, तेव्हा मी हलले नाही.

शेवटी गोटा निघाला. लाल नाडा बांधलेला, कुंकू लावलेला.

"फेकू नको बेटा," ते हळूच म्हणाले. "पूजेत ठेवलेला आहे. तू घरी ने."

"त्या डब्यात टाका. तुमच्या हातानं."

जप्त वस्तूंच्या डब्यात लायटर होते, कात्र्या होत्या. शेठनी पायातले बूट काढले, गोटा कपाळाला लावला आणि आत ठेवला. मग माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू कोणाची गं?"

"सावद्याच्या तोतारामची."

त्यांचा चेहरा पडला. आठवलं होतं त्यांना, सगळं आठवलं होतं.

"बरा आहे ना तो?"

"बरे आहेत. पिशवी वापरत नाहीत."

शेठ टेबलाकडे वळले. हाताला लागेल ते बॅगेत कोंबलं आणि गेले.

दुपारी कुसुंब्याला घरी आले तेव्हा आबा ओट्यावर बसलेले. मी चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"कोनी कोनी पाह्यलं?" आबांनी विचारलं.

"अख्ख्या रांगेनं."

"अन् मलम?"

"तेही!"

आबा हसले. खदखदून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांनी ते हसू पाहून माझं काळीज सुपाएवढं झालं. फिटलं एकदाचं, म्हटलं.

डोळे पुसून ते म्हणाले, "मंग साड्या कोनं घडी केल्या?"

"कोणी नाही. कोंबल्या त्यांनीच."

"शेठले घडी येत नाही. कधीच आली नाही." आबांनी मान हलवली. "मायऱ्याच्या साड्या. बहिनीले अशा चुरगळेल देईन का तो?"

"मग काय, मी घालून द्यायच्या होत्या? तुम्हाला भर दुकानात ज्यानं..." माझा आवाज चढला.

"तू काबरं? मी असतो तं मी घालून देली असती."

मला असा संताप आला! शेठचा नाही, आबांचाच. शेठ परत येतील तेव्हा बॅग मी पुन्हा उघडायला लावीन, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि आत निघून गेले.

चहा घेऊन बाहेर आले तरी त्यांनी मान वर केली नाही. खांद्यावरचा पंचा मांडीवर पसरला होता. काठाला काठ जुळवून ते घडी घालत होते, हात फिरवून मोडत होते आणि पुन्हा घालत होते.