जयरामच्या खाटेचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दारावरचा नव्हे, आजारी माणसाच्या खाटेभोवती ओढतात, तो. कुवेतमध्ये, खैतानच्या एका इमारतीत, अंथरुणाला खिळलेल्या लोकांना सांभाळायचे घर आहे. तिथे छताच्या पट्टीवर मी लटकतो आहे.

इथल्याच हवल्लीतल्या यूसुफ शिंप्याने मला शिवले. तो मूळचा रायगडच्या किनाऱ्यावरचा. "खाली चार बोटं जास्त सोड रे, मानसाची अब्रू हाय," असे तो कारागिराला बजावायचा. मी तेव्हा गर्द हिरवा होतो. नर्सबाया म्हणायच्या, काय सुरेख रंग! मी फुशारलोही. कुणाला पुसायचे, कपडे बदलायचे झाले की मला ओढत. माझ्याआड माणूस न लाजता उघडा होई. याहून मोठे काम मला ठाऊक नाही.

माझी खाट जयरामची. कोकणातला सुतार. परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. कंपनीने त्याला इथे आणून टाकले. त्याला दर थोड्या वेळाने कूस बदलून द्यायला हवी; तेच कुणी करत नसे. त्याच्या पाठीला जखमा झाल्या. मला वास यायचा, मित्रांनो. बाकी कुणाला येत नव्हता म्हणे.

दर शुक्रवारी फहाहीलहून जमिला यायची. मूळची रत्नागिरीची. इथल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकून ती त्यांच्या वतीने भांडायची. एकदा जयरामने तिला खुणेने बोलावले. तिने मला चहूबाजूंनी ओढले.

"माजी पाठ बघ. पन माजा नाव खंय घेव नको गो बाय," तो म्हणाला.

"नाय घेनार, काका. जबान दिली."

तिने जबान पाळली. मॅनेजर काशिफने दरडावून विचारले, "किसने बोला? नाम बताओ!"

"नाम नहीं मिलेगा. सबकी पीठ देखो."

पुष्कळ आवाज चढले, पण नाव काही निघाले नाही. मला वाटले, सुटलो.

ती गेल्यावर काशिफने वॉर्डबॉय मुकेशला एवढेच विचारले, "आज पर्दा किसका लगा था?"

मुकेशने माझ्याकडे बोट दाखवले. काय करील बिचारा! त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काशिफच्याच मर्जीवर. साऱ्या वॉर्डात त्या दिवशी जमिलाने एकट्या मलाच ओढले होते.

दुसऱ्या दिवशी जयरामच्या उशाची घंटा काढली. फोन चार्जिंगला म्हणून नेला, तो परत आलाच नाही. गावी त्याची बायको रत्नमाला फोन लावत बसली असेल. जमिलाला फाटकावरूनच परत पाठवले. बोलणाऱ्याला आणि त्याच्यासाठी बोलणाऱ्याला जपायचा नियम आमच्या इमारतीत कुणी केलाच नव्हता.

मित्रांनो, अशा घरी कुणाचे दुःख ऐकायला गेलात, तर सगळ्याच खाटांचे पडदे ओढा. ज्याला काही सांगायचे नाही, त्याच्यापाशीही घटकाभर बसा. मग कोण बोलले, ते कुणाला कळणार नाही. जमिलाला हे सुचले नाही, आणि मला तोंड नाही. माझा जीव जळतो, पण जळून काय होणार?

काल मुकेश जयरामला पुसायला आला. त्याने मला हात लावताच जयराम घाबरून ओरडला, "पर्दा नहीं, पर्दा नहीं! खुल्ला रहने दो!"

मुकेशने हात मागे घेतला. साऱ्या वॉर्डादेखत त्याने जयरामचे कपडे उतरवले. समोरच्या खाटांवरचे म्हातारे, ज्यांना वळता येत होते ते, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.