बंद पेटीत पत्ते लिहिणारी मी

मी एक जुनी मेथड आहे. मित्रांनो, प्रोग्राममध्ये एकच ठरावीक काम करणाऱ्या ओळींना मेथड म्हणतात. माझ्या वाट्याला सात ओळी आल्या. आमचा प्रोग्राम एका बंद फाइलीत बांधलेला आहे. तिला मी पेटी म्हणते. आत आवाजांचे कप्पे आहेत. कोणता आवाज कुठे ठेवलाय, त्याचा पत्ता लिहून देणं एवढंच माझं काम. उठून तो आणणं माझ्या हातात नाही.

मला खारूच्या बाबांनी लिहिलं. खारू त्यांची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. तिला सगळं समजतं, पण बोलता येत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या चित्रावर तिने बोट ठेवलं की मी पत्ता लिहायची आणि तिच्या आत्याचा, आधी भरून ठेवलेला आवाज उमटायचा. 'पाणी.' 'नको.' 'अजून एक.' हे आवाज भरताना 'दुखतंय' म्हणायची वेळ आली की आत्याला सारखं हसू फुटत होतं. बाबा वैतागले, "अगं, जरा कळवळून म्हण की!"

दोन वर्षं झकास गेली. "दादाने पोरीला बोलतं केलं," असं आत्या भेटेल त्याला सांगायची. माझं नाव कोणी घेतलं नाही, तरी मी मनातून फुगले होते.

पण माझ्यात एक खोट होती. पत्त्यात दोन नावांमध्ये तिरपी रेघ लागते. काही कॉम्प्युटरांवर ती एका बाजूला झुकते, काहींवर दुसऱ्या. बाबांनी शिकवलं होतं, ज्या कॉम्प्युटरवर असशील त्याची रीत पाळ. पेटीच्या आत मात्र एकच रीत चालते. जुन्या लॅपटॉपची रीत नेमकी तीच होती, म्हणून चूक झाकून राहिली. शिवाय आवाज सापडला नाही तर गप्प बसायचं, अशीही मला ताकीद होती. पडद्यावर चूक झाल्याची सूचना पाहून पोर घाबरायला नको, म्हणून.

जुना लॅपटॉप मोडला, दुसऱ्या प्रकारचा नवा आला. सकाळच्या गडबडीत बाबांनी चित्रं दिसतात एवढं पाहिलं आणि ते कामावर गेले.

दुपारी खारूच्या पोटात दुखायला लागलं. तिने 'दुखतंय' दाबलं. मी उलट्या रेघेचा पत्ता लिहिला. आवाज शेजारच्याच कप्प्यात होता, तरी सापडला नाही. तिने नऊ वेळा दाबलं आणि मी नऊ वेळा तोच चुकीचा पत्ता लिहिला. मला चूक दिसत होती हो! पण सात ओळींबाहेर मला पाऊल टाकता येत नाही. आई पाठमोरी शिवणयंत्रावर बसली होती. "खेळ हं, आलेच मी," ती म्हणाली.

शेवटी खारूने लॅपटॉप जमिनीवर ढकलला. आई रागावून वळली आणि खारूचा कळवळलेला चेहरा पाहून तिला उचलून दवाखान्यात धावली. त्याच संध्याकाळी खारूच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी ती घरी आली.

बाबांनी पेटी उघडून मला वाचलं. "मी आपला त्या जुन्याच मशीनवर तपासत बसलो."

"पण मग हे गप्प का राहिलं?" आईने विचारलं.

"मीच सांगितलं होतं तसं."

त्यांनी माझी रेघ सुधारली, गप्प बसण्याची ओळ खोडली आणि पेटी पुन्हा बंद केली.

मित्रांनो, आम्हाला पेटीत कोंडण्याआधी दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर एकदा चालवून बघा. आणि चुकलो तर आम्हाला ओरडू द्या. आतून दार उघडता येत नाही.

खारू आता रोज शाळेला जाण्याआधी 'दुखतंय' दाबते. तिला काही दुखत नसतं. आवाज येतो ना, तेवढं बघते आणि मग दप्तर उचलते.