मंगलच्या ट्यूबवरचं यंत्र

म्हसवडजवळच्या तलावात मंगल पुकळे ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरते. ट्यूबच्या भोकात दोरीनं विणलेलं आसन, त्यातून खाली पाण्यात सोडलेले पाय आणि दोन्ही हातांत लाकडाच्या छोट्या फळ्या. फळ्यांनी पाणी मागं सारत ती तलावभर फिरते. नवरा धुळा मेंढरं राखतो. त्याला पोहता येत नाही, आणि बायको पाण्यात शिरली की त्याचं लक्ष मेंढरांवरनं उडतं.

तलावाच्या पोटात जुन्या बाभळी बुडालेल्या आहेत. जाळं त्यांच्यात अडकलं की ओढताना फाटायचं, नाहीतर तिथंच सोडून द्यायचं. गेल्या उन्हाळ्यात मंगलची चांगली जाळी अशीच गेली. पलटणीतनं निवृत्त होऊन आलेला तिचा धाकटा भाऊ अमृत म्हणाला, "आक्का, आता फिश फाइंडर मिळतो. पाण्यात आवाज सोडतो आणि तळावरनं परत आला की ऐकतो. किती खोल, खाली झाडं हायत का मासं, समदं पडद्यावर दिसतं."

त्यानं मोबाईलवर दोन प्रकार दाखवले. एक चेंडूसारखा, पाण्यात टाकायचा. चित्र मोबाईलवर यायचं. दुसऱ्याला स्वतःचा छोटा पडदा आणि वायरीच्या टोकाला सेन्सर.

"चेंडूवाला सुटसुटीत हाय," अमृत म्हणाला.

"आणि मोबाईल कशानं धरू? दातानं?" मंगल म्हणाली. "दोन्ही हात फळ्यांत असत्यात माझं. वायरवाला बघ. उन्हात पडदा दिसला पायजे आणि पाणी उडलं तरी बंद पडाय नको."

यंत्र आलं. बॅटरी फवारणीच्या पंपाची काढली आणि झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली. अडचण बसवण्याची होती. सेन्सर ट्यूबच्या खाली, पाण्यात आणि सरळ तळाकडं तोंड करून राहायला हवा. फुगलेल्या रबराला तर खिळा मारता येत नाही. अमृतनं खोक्याची फळी ट्यूबवर आडवी टाकली, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली. फळीवर पडदा बसवला. फळीच्या कडेला प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा उभा लावून त्याच्या खालच्या टोकाला सेन्सर जोडला. पाइप धरायला लोखंडी क्लॅम्प.

मंगलनं क्लॅम्पच्या उरलेल्या पट्टीवरनं बोट फिरवलं. "टोक उघडं हाय रं. रबर गुंडाळ."

"लागत न्हाई आक्का. बोटभर जागा हाय मधी."

धुळा दारातल्या लिंबाखाली बसून बघत होता. "आत्ता जागा हाय," तो म्हणाला, "पाण्यात समदं हलतंय." पण तोवर मंगलनं ट्यूब डोक्यावर घेतली होती. सकाळचा वारा पडलेला, पाणी शांत. तिला ती वेळ दवडायची नव्हती.

पहिल्यांदा सगळं छान झालं. पडद्यावर तळाची रेघ हलू लागली, आकडे फुटांत येत होते. बारा, पंधरा, अठरा. मग एकाएकी आकडा घसरला: नऊ, सहा, चार. फळीवर वाकून तिनं पाण्यात पाहिलं, गढूळ पाण्यात काहीच दिसेना. पुढं पुन्हा सोळा, वीस. बुडालेल्या कुठल्यातरी रानाची ताल, म्हणजे दगडी बांध असावा, असं तिच्या मनात आलं आणि ती पुढं गेली. बाभळींच्या फांद्या पडद्यावर ठळक दिसत होत्या. त्यांना वळसा घालून मोकळ्या पाण्यात तिनं जाळं सोडलं. काठावर उभ्या अमृतला हातातली फळी हलवून खूण केली.

परत वळताना वारा सुटला.

माळावरनं येणारा वारा या तलावावर आडवा येतो. लाटा लहान, पण एकामागून एक. फळी वर-खाली होऊ लागली. मंगलच्या कानाशी बारीक आवाज आला, किटलीतनं वाफ सुटावी तसा. तिनं हात फिरवला. क्लॅम्पचं टोक ट्यूबवर घासून घासून आत शिरलं होतं.

तिनं अंगठा चिरेवर दाबला. आवाज थांबला. पण एका हातानं फळी मारली की ट्यूब जागच्या जागी गरगर फिरायची. अंगठा काढला की हवा जायची. ती ओरडली, "अमृत!" वाऱ्यानं हाक काठाकडं जाऊच दिली नाही.

पडदा एकवीस म्हणत होता. पोहता तिला येत होतं, पण काष्टा घातलेलं लुगडं भिजून जड झालेलं आणि आसनाची दोरी कमरेला. शिवाय काठ लांब होता.

यंत्र कापून टाकावं, फळीचा भार कमी करावा, असं तिला क्षणभर वाटलं. जाळं कापायला सोबत घेतलेला, आसनाला खोचलेला विळा हातात घेतलाही. मग तिनं आधी कमरेची दोरी कापली आणि विळा पाण्यात सोडून दिला. आकडा हवा होता. चारचा आकडा, जिथं पाय टेकतील.

ती ताल कुठं होती? बाभळींच्या अलीकडं. वारा तिकडंच ढकलत होता. तिनं अंगठा दाबून धरला, पायांनी पाणी मारायला सुरुवात केली. मांड्या भरून आल्या. एकोणीस. वीस. चुकलं. ती डावीकडं वळली. ट्यूबची एक बाजू पाण्याखाली गेली, लाट तोंडावर आली, नाकात पाणी गेलं. अठरा. खोकताना अंगठा सुटला आणि भसकन हवा गेली.

अकरा. सात.

पडदा पाण्यात बुडायच्या आधी तिनं शेवटचा आकडा पाच वाचला. तिनं आसनातनं पाय काढून खाली सोडले. काही लागलं नाही. डोकं पाण्याखाली गेलं. मग पायाच्या अंगठ्याला दगड लागला, निसटला, पुन्हा लागला. ती दगडावर चढली आणि उभी राहिली. पाणी छातीशी होतं. चपटी ट्यूब तिनं दोन्ही हातांनी कवटाळली आणि बराच वेळ नुसतीच धापा टाकत राहिली.

काठावरून धुळ्याला ट्यूब एका अंगाला कललेली आधी दिसली. "ती बुडतीया!" तो ओरडला आणि अंगातलं काही न काढता कमरेइतक्या पाण्यात गेला. अमृतनं त्याला मागं ओढलं. "दाजी, तुमी थांबा. एकाचं दोन बुडाय नकोत." काठावर दुसरी ट्यूब फुगवलेली होती. ती घेऊन तो निघाला.

तो पोचला तेव्हा मंगलचे ओठ निळे पडले होते. अमृतनं चिरेत रुतलेला क्लॅम्प पाहिला. "आक्का, ते टोक... मी..."

"आधी माझा हात धर," ती म्हणाली. "पाय बधिर झाल्यात. बोलायचं मग."

काठाला लागल्यावर धुळ्यानं घोंगडं तिच्याभोवती गुंडाळलं. मग त्यानं फळी उचलली आणि यंत्रासकट दगडावर आपटायला वर नेली.

"ठेवा ते," मंगल म्हणाली.

"ह्यानंच मेली असतीस!"

"क्लॅम्पनं मेले असते. ह्याच्यावर आकडा बघितला म्हणून दगडावर उभी ऱ्हायले." थंडीनं तिचे दात वाजत होते. "आवं, ठेवा खाली. जाळं अजून पाण्यात हाय."

धुळ्यानं फळी खाली ठेवली. तिथंच मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अमृत मान खाली घालून क्लॅम्प सोडवत होता. सोडवला आणि लांब बांधाकडं फेकला.

चिरेवर ठिगळ बसलं, पण मंगलनं ती ट्यूब वापरली नाही. यंत्र वाळवल्यावर चालू झालं. नव्या ट्यूबवर पाइप रबराच्या पट्ट्यांनीच बांधला, लोखंड म्हणून काही ठेवलं नाही. अमृतनं फुगवायचं जाकीट आणलं. ते अंगात घातल्याशिवाय त्यानं तिला पाण्यात सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जाळं काढायला निघाली तेव्हा धुळा मेंढरं भावाच्या हवाली करून आला होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो म्हणाला, "अमृत, मला तरंगायला तरी शिकव गड्या."

"आत्ता, दाजी?"

"ती परत येईस्तवर मला दुसरं काय काम हाय?"