नंबर नसलेला फोटो

बबनराव एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाले आणि हळूहळू त्यांच्या डोक्यातून माणसं उतरत गेली. आधी सुनेचं नाव गेलं, मग पोराचं. गाड्या तेवढ्या राहिल्या. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या स्टँडवर जायचे, लागलेल्या गाडीच्या दारात उभे राहायचे आणि लोकांना आत सरकायला सांगायचे. नवे कंडक्टरही त्यांना तिकीट विचारत नसत. कोणीतरी ओळखीचं निघायचं, चहा पाजून घरी आणून सोडायचं.

मे महिन्यात एका दुपारी त्यांना कोणी आणून सोडलं नाही.

त्यांचा पोरगा शिवम घरून वाशिमला जाऊन-येऊन ऑनलाइन जाहिरातींचं काम करतो. कोचिंग क्लास, ट्रॅक्टरचं शोरूम, दातांचा दवाखाना, अशी त्याची गिऱ्हाइकं. जाहिरात कोणी दाबली की गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात, नुसती पाहिली तर नाही. गिऱ्हाइकाला तो दोन रस्ते सांगायचा. एक म्हणजे दात दुखतो म्हणून जो माणूस फोनवर डॉक्टर शोधतो, त्यालाच जाहिरात दाखवायची. दुसरा म्हणजे कोणी शोधो न शोधो, गेममध्ये, बातम्यांत, पंचांगाच्या अॅपमध्ये चित्र पसरून द्यायचं. दुसऱ्या रस्त्यानं दाबणारे लय मिळतात, दवाखान्यात येणारं कोणी नसतं. शिवमला हे ठाऊक होतं. दातवाल्या डॉक्टरनं तक्रार केली तेव्हा त्यानं, नाव तर लोकांच्या डोळ्यापुढून गेलं ना, असं सांगून त्याला गप्प केलं होतं.

बापासाठी त्यानं दुसराच रस्ता धरला, आणि कारण खोटं नव्हतं. आपल्या स्टँडवर बसलेला अनोळखी म्हातारा कोणाचा, हे फोनवर कोण शोधतं? पोलिसात तक्रार दिली होती. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलं होतं, ते सकाळच्या फुलांच्या फोटोंखाली गाडलं गेलं. मग आता सगळ्या जिल्ह्याच्या फोनवर बापाचा चेहरा टाकायचा.

पंचफुलाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. नवऱ्याच्या जुन्या रूटवर जाऊन पाहा, एवढंच त्या सांगत होत्या. मंगरूळपीरकडे जा, आसेगावला जा, तिथं त्यांची मुक्कामी गाडी असायची.

"आई, मोटरसायकलवर मी किती गावं पाहीन?" शिवम म्हणाला. "फोनवर सारा जिल्हा एका टायमाले होते."

रिटायरमेंटच्या दिवशीचा फोटो घेतला. खाली 'यांना पाहिलंत का?' आणि एक बटण. दाबलं की पान उघडायचं, तिथं पाहणाऱ्यानं आपलं नाव, गाव, मोबाइल भरायचा. भरला की शिवमचा फोन वाजणार. वैजयंतीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं की आपला नंबर फोटोवरच काहून नाही टाकला.

"नंबर टाकला तर दाबीन कोन?"

हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आला होता. दाबलं नाही तर मोजता येत नाही, मोजता आलं नाही तर रिपोर्ट बनत नाही, रिपोर्ट नसेल तर गिऱ्हाईक टिकत नाही. धंद्याची ही सवय हाडात इतकी मुरली की या खेपेला गिऱ्हाईक घरातच बसलेलं आहे आणि त्याला रिपोर्ट नाही, नवरा पाहिजे, एवढंही त्याला दिसलं नाही.

लोकांनी धडाधड दाबलं. शिवम लॅपटॉपपुढून उठेना. आकडा वाढला की त्याचा चेहरा उजळायचा. पंचफुलाबाई दारातून विचारायच्या, कोणी पाह्यलं का. तो म्हणायचा, आई, हजारो लोकांनी. ते खरं होतं. गेममध्ये मध्येच एक म्हातारा येतो, खेळणारा त्याला बंद करायच्या फुलीवर अंगठा मारायला जातो, फुली बारीक, अंगठा जाडा. पान उघडतं, तो शिवी देऊन मागे फिरतो. बबनरावांना घालवून देताना चुकलेले हे अंगठे. त्यांचा पोरगा तेच मोजत बसला होता.

फोन एकदाही वाजला नाही.

बबनराव सापडले ते आसेगावच्या पुढे, रस्त्याकडेच्या बाभळीखाली. डॉक्टर म्हणाले, उन्हानं गेले. सरकारी दवाखान्यात शिवमनं ओळख पटवली आणि पंचफुलाबाईंनीही पाहिलं. पोलिसांनी सांगितलं की आसेगावच्या स्टँडजवळ चहाचं हॉटेल आहे, तिथली बाई यांना जेवायला घालत होती.

त्या बाईचं नाव सबिहा. तिनं शिवमला बसवलं, पाणी दिलं, चहा पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. चाचा रोज बाकड्यावर बसत. माझी गाडी लागली का, एवढंच विचारत. मुक्कामी गाडी बंद होऊन जमाना झाला, पण म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा. रात्री तिच्याच ओट्यावर निजत. घर विचारलं की म्हणत, गाडी घेऊन आलो, सकाळी जातो. त्या दिवशी सकाळी गाडी चुकली म्हणाले आणि पायीच निघाले. तिला वाटलं, जवळच्याच गावचे असतील.

शिवमनं विचारलं, फोटो दिसला नाही का तुम्हाला.

"रोज दिसे, भाऊ. त्याइले दाखोला बी. चाचा, तुमी फोनमंदी येऊन राह्यले म्हनलं. तं म्हने, डेपोवाल्यायनं लावला असन."

"मंग दाबलं काहून नाही?"

सबिहानं कारण सांगितलं. तिच्या नवऱ्यानं, उजैरनं, मागच्या ईदला असंच एक चित्र दाबलं होतं. नाव भरलं, मोबाइल भरला आणि खातं साफ झालं. तेव्हापासून घरात कोणी दाबत नव्हतं. शहाण्या माणसांनीही गावात हेच सांगून ठेवलं होतं.

"हरवलेल्या मानसाच्या फोटोवर नंबर राह्यते, भाऊ," ती म्हणाली. "याच्यावर नव्हता. आमी म्हनलं, कोनीतरी चाचाचा फोटो चोरून फसवून राह्यलं. नंबर असता तं तेव्हाच लावला असता फोन."

शिवम चहा न पिता उठला.

दहाव्याला घर माणसांनी भरलं होतं. जाहिरात बंद करायची राहिली होती. म्हणजे तो विसरला, की त्याच्यानं झालं नाही, देव जाणे. वैजयंतीच्या फोनवर कोणीतरी बातम्या पाहत होतं आणि मध्येच बबनराव आले, गळ्यात हार घातलेले. पंचफुलाबाईंनी फोन मागून घेतला. फुली शोधली नाही. चेहऱ्यावर बोट ठेवलं. पान उघडलं. त्यांनी फोन सुनेपुढे धरला.

"भर. नाव माहं टाक. कुठी पाह्यलं ते विचारते ना? लिही, दवाखान्यात. चादरीखाली."

वैजयंतीनं नवऱ्याकडे पाहिलं. सासू हात मागे घेईना. तिनं लिहिलं, पाठवलं.

शिवमच्या खिशातला फोन वाजला.